शंभर मिलीलिटरची भीती

२००६ साली महिन्याभराच्या अंतराने दोन घटना घडल्या. त्या मी अजूनही एकमेकींशेजारी ठेवून पाहते. ११ जुलैच्या संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मारली गेली. चर्चगेटहून घरी निघालेली ही माणसे होती. त्यांतल्या कोणाच्या हातात भाजीची पिशवी असेल, तर कोणी उभ्या उभ्या डुलकी घेत असेल. दुसरी घटना १० ऑगस्टची. लंडनमध्ये ब्रिटिश पोलिसांनी काही तरुणांना पकडल्याचे जाहीर केले. शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडपासून तयार केलेले द्रव स्फोटक भरायचे आणि ते अमेरिका व कॅनडाकडे जाणाऱ्या विमानांत न्यायचे, असा त्यांचा बेत होता. तो तडीस गेला नाही. त्यांच्यापैकी कोणी विमानतळापर्यंतही पोहोचले नव्हते.

पहिल्या घटनेने लोकलच्या प्रवासात दिसण्यासारखे फारच थोडे बदलले. मी तेव्हा बोरिवलीला राहत होते आणि चर्चगेटजवळच्या कचेरीत नोकरी करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या आणि आम्ही बायका नेहमीच्या लेडीज डब्यात चढलो. त्या आठवड्यात सीटखाली ठेवलेली प्रत्येक पिशवी कोणाची आहे हे मोठ्याने विचारले जाई, पुढे तेही थांबले. दुसऱ्या घटनेने मात्र जगाचा विमानप्रवास बदलला. ब्रिटनमध्ये त्याच दिवसापासून हातातले सामान विमानात नेण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. तान्ह्या मुलाचे दूध न्यायचे असेल तर आईवडिलांनी ते आधी कर्मचाऱ्यांसमोर चाखून दाखवावे, असा नियम झाला. नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाने १०० मिलीलिटरची मर्यादा आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी ठरवून दिली आणि तोच नियम पुढे बहुतेक जगाने स्वीकारला. जी घटना घडलीच नाही, तिच्यासाठी कोट्यवधी माणसे जवळपास दोन दशके आपल्या बाटल्या तपासून घेत आली आहेत.

लोकलमध्येही प्रत्येकाची झडती व्हायला हवी होती, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दिवसाला ७० लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करतात. त्यांची विमानतळासारखी तपासणी सुरू केली तर अंधेरी स्थानकाची रांग सकाळी कुठवर जाईल, याचा विचारच न केलेला बरा. तपासणी शक्य नव्हती म्हणून झाली नाही, आणि शहराने ते निमूटपणे मान्य केले. म्हणजेच काही धोका पत्करूनच जगावे लागते, हे आपल्याला कळत होते आणि कळते. प्रश्न एवढाच आहे की लोकलच्या दारात जे कळते, ते विमानतळाच्या दारात आपण का विसरतो.

द्रवांचा धोका काल्पनिक नाही, हेही सांगायला हवे. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपीन एअरलाइन्सच्या टोकियोला निघालेल्या विमानात रामझी युसुफ या दहशतवाद्याने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून नायट्रोग्लिसरीन नेले होते. सीटखाली ठेवलेल्या त्या बॉम्बने एका जपानी प्रवाशाचा बळी घेतला, आणि वैमानिकाने कौशल्याने विमान उतरवले म्हणून बाकीचे वाचले. पण त्यानंतर १२ वर्षे जग बाटल्या घेऊन सुखेनैव फिरत होते. नियम धोका कळला तेव्हा आला नाही, धोक्याची बातमी मोठी झाली तेव्हा आला.

मुंबईहून परदेशी निघालेल्यांच्या रांगेत उभे राहून पाहावे. कोकमाचे आगळ, घरचे तूप, तेलात बुडालेले लिंबाचे लोणचे, आईने मुलीसाठी काढून दिलेले खोबरेल तेल, जे जे मोठ्या सामानात टाकायचे राहून गेले ते ते तिथे हातातून काढून घेतले जाते आणि एकाच मोठ्या पिंपात जमा होते. त्या पिंपाजवळून शेकडो लोक जात असतात. आपण काढून घेतो आहोत ते स्फोटक असू शकते, असे त्या पिंपापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला खरोखर वाटत असते, तर ते असे एकत्र टाकले गेले नसते. ते निरुपद्रवी आहे हे त्यालाही माहीत असते आणि प्रवाशालाही. तरीही दोघे आपापली कामे गंभीरपणे पार पाडतात, कारण नियम तसा आहे. त्या कर्मचाऱ्याविषयी मला आदरच आहे. आठ तास उभे राहून हजारो अनोळखी माणसांच्या पिशव्या पाहणे हे कष्टाचे आणि कोणीही आभार न मानणारे काम आहे. माझे म्हणणे नियमाविषयी आहे.

नियम नेहमी मागच्या हल्ल्याच्या पाऊलखुणांवरून चालतो. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीडने बुटात लपवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे अमेरिकेच्या विमानतळांवर बूट काढणे आले. २००९ च्या नाताळच्या दिवशी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेले स्फोटक पेटवायला घेतले, आणि कपड्यांच्या आरपार शरीराचे चित्र घेणारी यंत्रे झपाट्याने वाढली. या दोन्ही वेळी विमान वाचवले ते आतल्या प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी, त्या माणसाला धरून ठेवून. अमेरिकेतील बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. युरोपातील काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे द्रवांची मर्यादा दोन लिटरवर गेली, तर काही ठिकाणी सवलत देऊन ती पुन्हा मागे घेतली गेली. नियम करायला एक दिवस पुरतो आणि काढायला वीस वर्षे लागतात, कारण उद्या काही झाले तर काढणाऱ्याची सही कागदावर राहते.

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने २०१५ साली गुप्तपणे आपलीच माणसे नकली बॉम्ब आणि शस्त्रे देऊन विमानतळांवर पाठवली होती. ७० पैकी ६७ वेळा ती तपासणीतून सहीसलामत पार झाली. एवढी गळती असूनही विमाने आकाशातून पडत नव्हती. याचा सरळ अर्थ असा की विमान उडवायला निघालेली माणसे आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच थोडी आहेत आणि जी आहेत ती बहुधा रांगेत येण्याआधीच सापडतात. लंडनच्या कटातील तरुणही तसेच सापडले. पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली होती आणि वॉल्थमस्टो भागातील ज्या घरात ते बाटल्यांवर प्रयोग करत होते, तिथे ध्वनिग्राहक आणि कॅमेरा लपवला होता. सुरक्षा म्हणून जे खरोखर घडले, ते त्या घरात घडले.

आपल्या बाबतीत सर्वांत जड धडा एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाचा आहे आणि तो मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. जून १९८५ मध्ये व्हँकूवरच्या विमानतळावर एका माणसाने एम. सिंग या नावाने बॅग सोपवली. पुढच्या विमानातील त्याची जागा निश्चित नव्हती, तरी बॅग थेट पुढे पाठवा असा त्याने हट्ट धरला, आणि गर्दीच्या वेळी कर्मचाऱ्याने ते मान्य केले. बॅग गेली, माणूस गेलाच नाही. टोरांटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका छोट्या उपकरणाने तपासल्या गेल्या. २३ जूनला एअर इंडियाचे ते विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली, त्यांत ८० हून अधिक लहान मुले होती. सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली कितीतरी कुटुंबे मुळापासून पुसली गेली. त्याआधी तासाभरापूर्वी टोकियोच्या नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेने सामान हाताळणाऱ्या दोघांचा जीव घेतला होता. कॅनडाच्या गुप्तचरांकडे या कटाचे धागे होते, ते जोडले गेले नाहीत, हे २०१० सालच्या चौकशी आयोगाच्या अहवालाने स्पष्ट शब्दांत नोंदवले.

या संहारातून जो नियम पक्का होत गेला, तो अगदी साधा आहे: ज्याची बॅग विमानाच्या पोटात आहे तो माणूसही विमानात असला पाहिजे, नसेल तर बॅग उतरवायची. तो सगळीकडे काटेकोरपणे पाळला गेला नाही म्हणूनच तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, लॉकर्बीवर पॅन ॲमचे विमान फुटले आणि २७० जण गेले. तिथेही बॅग बेवारशी होती. आज कधी कधी सगळे प्रवासी बसलेले असताना विमान अर्धा तास थांबते आणि कोणीतरी आलेले नाही म्हणून त्याचे सामान शोधून उतरवले जाते. लोक वैतागतात, घड्याळ पाहतात. त्या अर्ध्या तासाबद्दल माझी कधीही तक्रार नसते. धातुशोधकाबद्दलही नसते: १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत १३० हून अधिक विमान अपहरणे झाली आणि जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाल्यावर तो प्रकार झपाट्याने ओसरला. आपल्याकडे कंदाहारच्या अपहरणानंतर, म्हणजे २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली आणि कारभारात एकसूत्रीपणा आला. याच व्यवस्थेने हातातल्या सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत वर्षानुवर्षे जपली. तो शिक्का उमटला नाही म्हणून माणसे विमानाच्या दारातून परत पाठवली जात. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ती पद्धत बंद झाली आणि कोणाचेही काही बिघडले नाही. नियम तपासून पाहता येतात आणि नको असलेले काढताही येतात, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण आहे.

प्रत्येक उपायाची किंमत असते आणि ती कधी कधी फार उशिरा कळते. ११ सप्टेंबर २००१ नंतर वैमानिकांच्या कक्षाची दारे मजबूत करण्यात आली, बाहेरून कोणालाही ती फोडता येऊ नयेत अशी. तो मला आजही त्या काळातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तरीही मार्च २०१५ मध्ये बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या जर्मनविंग्जच्या विमानात मुख्य वैमानिक क्षणभर बाहेर गेला असताना सहवैमानिकाने ते दार आतून बंद केले आणि विमान आल्प्समध्ये नेऊन आदळले. दहशतवाद्याला बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या दाराने वैमानिकालाच बाहेर ठेवले, आणि १५० माणसे गेली. दार चूक होते असे यावरून ठरत नाही. फक्त एकाच धोक्याकडे डोळे लावून बसलो की दुसरा धोका पाठीमागून येतो, एवढे मात्र ठरते.

हीच गोष्ट रांगेचीही आहे. तपासणीसाठी जमलेली गर्दी हेच हल्लेखोराचे लक्ष्य होऊ शकते. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडे, जिथे लोक सामान देण्यासाठी उभे होते तिथे. मुंबईच्या एका जखमी हवाई सेविकेचे, पिवळा गणवेश फाटलेल्या अवस्थेत बाकावर बसलेल्या तिचे छायाचित्र तेव्हा जगभर गेले होते.

भीतीचा हिशेब माणसे कसा करतात, याचा जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगेरेन्झर यांनी अभ्यास केला आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकी लोकांनी विमान टाळून मोटारीने प्रवास करणे पसंत केले, आणि त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. अपहरण झालेल्या चारही विमानांतील प्रवाशांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. या माणसांच्या नावाने कुठे स्मारक नाही. आपण भीतीने मेलो हे त्यांच्या घरच्यांनाही कधी कळले नसेल.

हे आकडे मला माहीत होते, पण ते घरात आले २०२५ च्या मे महिन्यात. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना गोळ्या घालून मारले, त्यांतले सहा महाराष्ट्राचे होते आणि तिघे डोंबिवलीचे. माझी मावशी डोंबिवलीला राहते. त्या तिघांच्या अंत्ययात्रेला लोटलेले सगळे गाव तिने पाहिले होते आणि त्यानंतर कित्येक रात्री तिला झोप नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद होते. बाकीच्या ठिकाणी प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगितले जात होते आणि विमानाच्या शिडीपाशी पुन्हा एकदा झडती होत होती. मावशीचे नातवाच्या मुंजीसाठी बंगळुरूचे विमानाचे तिकीट काढलेले होते. तिने ते रद्द केले. "नको गं, सध्या विमान नको. दिवस बरे नाहीत. आम्ही आपले गाडीनेच जातो," ती म्हणाली. सुमारे हजार किलोमीटरचा महामार्ग, रात्रीचा प्रवास, चालवायला एकटा मावसभाऊ. मी तिला समजावून सांगितले, आकडेही सांगितले. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत मारल्या गेलेल्या १६६ जणांच्या जवळजवळ तिप्पट माणसे आपल्या रस्त्यांवर रोज जातात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती गाडीनेच गेली. ती सुखरूप पोहोचली, आणि सुखरूप पोहोचल्यामुळे आपला निर्णय बरोबर होता असेच तिला वाटत राहिले.

मावशीच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. तिच्या ओळखीच्या गल्लीतली माणसे नाव आणि धर्म विचारून मारली गेली होती. अपघात आणि खून यांत फरक आहे, तो कोणत्याही आकडेवारीने पुसला जात नाही आणि पुसला जाऊही नये. दहशतवादी माणूस मारतो तेव्हा तो उरलेल्यांना काहीतरी सांगत असतो. म्हणूनच त्याचे ऐकून आपण किती बदलायचे, याचा निर्णय आपल्या हाती ठेवायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर बॉम्बचीही गरज उरली नव्हती. समाजमाध्यमांवरच्या खोट्या धमक्यांनी शेकडो उड्डाणे विस्कळीत झाली, मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान दिल्लीला उतरवावे लागले आणि शिकागोला निघालेले एक विमान कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इकालुइट या छोट्या गावात उतरले. तिथून प्रवाशांना पुढे न्यायला कॅनडाच्या हवाई दलाचे विमान आले. दोन ओळी लिहिणाऱ्याला एवढे करता आले, ते आपल्या घाबरण्याच्या सवयीच्या बळावर.

झडतीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही मला सलते. २०११ साली माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे जाकीट आणि बूट न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमानात बसल्यावर काढून नेऊन तपासले गेले. नर्तकी सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये प्रत्येक विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो म्हणून पंतप्रधानांना जाहीर आवाहन केले, तेव्हा सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. ज्यांच्यासाठी बातमी होत नाही, त्या अपंग प्रवाशांना आणि विशिष्ट नाव धारण करणाऱ्यांना हा अपमान मुकाट्याने सोसावा लागतो. भीती वाढते तेव्हा तिचा खर्च आधी त्यांच्याकडून वसूल होतो.

आता पुन्हा लोकलकडे येते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मोठ्या स्थानकांच्या दारांत धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या. त्या वाजतात आणि माणसे पुढे जातात. ११ जुलैच्या स्फोटांचा खटला १९ वर्षे चालला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सर्व १२ आरोपींना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला पूर्वदाखला मानण्यास स्थगिती दिली आहे, पण त्या संध्याकाळी बॉम्ब कोणी ठेवले याचे न्यायालयात टिकणारे उत्तर आज मृतांच्या घरच्यांकडे नाही. बाटल्या काढून घेण्यावर जेवढे लक्ष गेले, त्याचा थोडा अंश जरी काटेकोर तपासावर गेला असता, तर त्या कुटुंबांना आणि आपल्या सगळ्यांना ती खरी सुरक्षा वाटली असती.

आणि याच मार्गांवर, बॉम्ब नसताना, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काही जागीच गेले, आणि त्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. विनावातानुकूलित डब्यांत दारे बंद केली तर हवा कशी खेळती राहील, हा त्यातला खरा तांत्रिक प्रश्न. छतावर हवा आत घेणारी यंत्रणा, दारांना झडपा, एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची सोय, असे त्यावरचे उपाय त्याच वेळी सांगितले गेले. मला आता जाणून घ्यायचे आहे की ही दारे किती गाड्यांना, कोणत्या तारखेपर्यंत बसणार आहेत, आणि १०० मिलीलिटरचा नियम जगभर लागू करायला जेवढे थोडे महिने लागले, तेवढ्यात त्यांपैकी किती बसतील.